शेतकऱ्यांचा शिष्य

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील एका शेतकरी कुटुंबात १८७३ साली अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म झाला. केंब्रिज येथे शिक्षण घेऊन ते पिकांवरील बुरशीच्या रोगांचे तज्ज्ञ झाले व वेस्ट इंडीज बेटांत नोकरीस गेले. तेथे एक उणीव त्यांना सारखी टोचत असे. मळेवाल्यांना ते उपाय सांगत; परंतु ते उपाय स्वतः करून पाहण्यास त्यांच्यापाशी हातभर जमीन नव्हती!

१९०५ साली ते बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत दाखल झाले. येथे मात्र त्यांस सुमारे ७५ एकर जमीन मिळाली. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. उभयतांनी गव्हाच्या उत्तम जाती निपजविल्या. पण हॉवर्ड यांचे लक्ष वेधले ते आसपासच्या शेतांनी. तेथील शेतकऱ्यांना कीटकनाशके ठाऊकही नव्हती, तरी त्यांची पिके निरोगी असत. मग शिकविण्यास आलेला हा साहेब त्यांच्या बांधावर जाऊन शिकू लागला.

सकस मातीत वाढलेला चारा खाणारी जनावरेही धडधाकट राहतात, असे त्यांचे मत बनले. शेजारच्या गोठ्यात लाळ-खुरकत आली असता त्यांचे बैल कुंपणावरून त्या जनावरांशी नाकाला नाक घाशीत, तरी त्यांस रोग जडला नाही. एवढ्यावरून लस टोचण्याचे कारण नाही असे मात्र कोणी समजू नये.

१९२४ साली हॉवर्ड इंदूरला आले. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर तेथे नवी संशोधनसंस्था उभी राहिली. कापसाचा तो मुलूख. शेणाच्या गोवऱ्या चुलीत जात आणि जमीन उपाशी राहत असे. जमिनीतून घेतलेले तिला परत कसे द्यावे, हा हॉवर्ड यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी काडीकचरा वाया जाऊ दिला नाही. पऱ्हाट्या फार टणक. त्या लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातील रस्त्यावर पसरीत. गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होई. मग तो गुरांच्या पायांखाली अंथरीत. पुढे पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व थोडी राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचीत आणि पाणी शिंपडीत. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव कामाला लागत व ढीग आतून चांगलाच तापे. या जीवांनाही हवा लागते. म्हणून ढीग तीनदा उलथापालथा करावा लागे. सुमारे ९० दिवसांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार होई. त्याला उकिरड्याची दुर्गंधी नसे.

१९३० साली गॅब्रिएल निवर्तल्या. पुढील वर्षी हॉवर्ड यांनी हिंदुस्थान सोडला. त्याच वर्षी या पद्धतीची माहिती देणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर त्यांचे इंदूरचे सहकारी यशवंत वाड यांचेही नाव होते. १९३४ साली हॉवर्ड यांना 'सर' हा किताब मिळाला. तथापि केवळ रासायनिक खतांवर भिस्त ठेवणाऱ्या अनेक शास्त्रज्ञांना त्यांचे विचार रुचले नाहीत. हॉवर्ड मागे हटले नाहीत. १९४० साली त्यांनी आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला व तो दिवंगत पत्नीस अर्पण केला. चहाकॉफीच्या दूरदूरच्या मळ्यांत त्यांच्या रीतीने खत होऊ लागले होते.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडात त्यांचे निधन झाले. खत करण्याच्या आपल्या रीतीस त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. ज्या संस्थानात ती सिद्ध झाली, त्या संस्थानाचे नाव त्यांनी तिला दिले. 'इंदूर पद्धत' म्हणूनच ती जगभर ओळखली जाते.