गोंगाटाला न घाबरलेल्या बाई

जून महिना उजाडला की कोल्हापुरातल्या कुठल्याही पेठेतला पहिलीचा वर्ग रस्त्यावरूनच ओळखू येतो. एकाला पाणी प्यायला जायचे असते, दुसऱ्याची पेन्सिल तिसऱ्याने पळवलेली असते, चौथा आईसाठी भोकाड पसरून बसलेला असतो. या शहरात मुलांना शाळेच्या दारापर्यंत आणले ते राजर्षी शाहू महाराजांनी. १९१७ साली त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पण दाराच्या आत आलेले मूल बसवायचे कसे, हे कायदा काय सांगणार? त्यावर सगळीकडे रूढ असलेले उत्तर एकच होते, छडी. दुसरे उत्तर शोधण्यात ज्या मराठी बाईंनी उभे आयुष्य घातले, त्या ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. माहेरच्या त्या केळकर. प्रार्थना समाजाच्या वळणाचे घर, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला. पण संसार काही जमला नाही. १९२१ च्या सुमारास पतीपासून वेगळ्या होऊन त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मानाची आणि पगाराची जागा. ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. लहान मुलीची जबाबदारी असताना, प्राचार्यांच्या खुर्चीतून उठून तीन-चार वर्षांच्या मुलांत जमिनीवर बसायला जाणे, हे आजही किती जण करतील?

गिजुभाई हे मूळचे वकील. मॉन्टेसरी पद्धत त्यांनी आपल्या मातीत रुजवायला घेतली होती. त्यांचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक दंगेखोर वर्ग हाती आलेल्या प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. त्यातला हौशी मास्तर पहिल्याच दिवशी मुलांना शांततेचा खेळ खेळायला लावतो आणि सपशेल फसतो. मुले किंचाळतात, पाय आपटतात. शेवटी तो वर्गच सोडून देतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो. आदल्या दिवशी न ऐकणारी तीच मुले मग हलायला तयार होत नाहीत.

बालमंदिरात मुलांना कपाटे हाताशी येतील अशी ठेंगणी असत. खाचांत बसवायचे लाकडी गट्टे, बोट फिरवून गिरवायची खरखरीत अक्षरे, यातले हवे ते मुलाने घ्यावे आणि चटईवर बसून हवा तितका वेळ करावे. शिक्षा नाही, बक्षीसही नाही. म्हणजे मोकाट सोडणे मात्र नव्हे. दुसऱ्याच्या कामात लुडबूड करणाऱ्या मुलाला अडवायचे, थोडा वेळ जवळ बसवून इतरांचे काम पाहू द्यायचे, ही त्या पद्धतीची रीत. दांडगट मुलाचे हात रिकामे का आहेत, हे आधी बाईंनी पाहायचे. आपल्याकडे नेमके उलटे होते. आपण मुलाचे हात बांधतो आणि मग तोंड सुटले म्हणून ओरडतो.

गिजुभाई आणि ताराबाईंनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. १९३६ मध्ये ताराबाई मुंबईत आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झाला. तिथे मध्यमवर्गीय घरातली मुले येत. काम चांगले चालले होते, नाव झाले होते. पण ही पद्धत गरिबाच्या मुलाला परवडेल का, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीत वेगळाच पेच पडला. वर्गातला गोंगाट परवडला, इथे वर्गात मूलच येईना. वाड्या-पाड्यांवरची मुले गावातल्या बालवाडीकडे फिरकत नसत. मग ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आधी आंघोळ, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. महागडी साधने कुठून आणणार? शंख-शिंपले, बिया, पाने, काटक्या हीच साधने झाली. मोजायला चिंचोका आणि लाकडी मणी सारखेच की!

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तिथली वारली मुले गुरे राखायची आणि मोठ्या बहिणी धाकट्यांना सांभाळायच्या. हजेरी नाही म्हणून आईबापांना बोल लावणे सोपे होते. ताराबाईंनी धाकट्यांसाठी पाळणाघर काढले, त्यालाच लागून बालवाडी आणि प्राथमिक शाळा ठेवली, म्हणजे बहीणही शिकायला मोकळी. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत आहेत आणि शिक्षक कुरणात शिकवत आहेत! चार भिंतींत न मावणाऱ्या मुलासाठी त्यांनी भिंतीच काढून टाकल्या.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारच्या बालविकास योजनेतून देशभर अंगणवाड्या उघडू लागल्या.

कोल्हापुरात १९८५ साली लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय काढले आणि मुलांनी आनंदाने शिकावे हा प्रयोग या गावानेही पाहिला. एका शिक्षकाच्या पदरी दोन-दोन वर्ग असतात तिथे हे सारे कसे साधायचे, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. बोर्डीतही माणसे आणि पैसा यांची चणचणच होती. वर्गात मुलाला मारायला देशभर कायद्याने बंदी आली ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने. भावनगरचे बालमंदिर उघडले होते १९२० साली.