कँटरबरीचा अन्सेल्म

ख्रिस्ताला वधस्तंभावर कां मरावें लागलें, हा प्रश्न मंडळीइतकाच जुना आहे. त्याचा ज्यानें खोल विचार केला, त्या अन्सेल्माचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

अन्सेल्म हा हल्लींच्या इटली देशांतील आओस्ता या डोंगरी गांवीं १०३३ सालीं जन्मला. आई वारल्यावर बापाशीं न पटल्यामुळें त्यानें घर सोडिलें, आल्प्स पर्वत ओलांडिला व फ्रान्स देशांत बेक येथील मठांत लानफ्रांक नामक पंडिताजवळ विद्याभ्यास केला. १०६० सालीं तो तेथेंच संन्यासी झाला, व १०७८ सालीं त्या मठाचा अधिपति झाला.

१०९३ सालीं इंग्लंडचा राजा दुसरा विल्यम मरणाच्या दारीं पडला. कँटरबरीच्या आर्चबिशपाची जागा सुमारें चार वर्षें रिकामी ठेवून तिचें उत्पन्न त्यानें गिळिलें होतें. आतां भयानें त्यानें ती जागा अन्सेल्मास दिली. तो नको म्हणत असतांहि बिशपाची काठी बळेंच त्याच्या हातीं देण्यांत आली. राजा बरा झाला आणि आपला पश्चात्ताप विसरला. मंडळीच्या हक्कांविषयीं दोघांत वितुष्ट येऊन १०९७ सालीं अन्सेल्मास देश सोडावा लागला.

पुढील उन्हाळा त्यानें इटलींत कापुआ शहराजवळ डोंगरावरील एका खेड्यांत घालविला. तेथें पाण्याची टंचाई होती. त्यानें जागा दाखवून विहीर खणविली व तिला पाणी लागलें, असें त्याचा सोबती एडमर यानें लिहून ठेविलें आहे. देव मनुष्य कां झाला, या विषयावरील आपला ग्रंथ त्यानें त्याच खेड्यांत पुरा केला.

ख्रिस्तानें सैतानास खंडणी देऊन मनुष्यास सोडविलें, असें पूर्वींचे कित्येक शिक्षक मानीत. अन्सेल्मास हें पटेना. चोरास कोण देणें लागतो? देणें तें देवाचें. त्याचा मान राखण्याचें ऋण मनुष्यानें बुडविलें. फेडणें मनुष्याचें कर्तव्य, परंतु फेडण्याचें सामर्थ्य केवळ देवाचें. म्हणून जो देवहि आहे व मनुष्यहि आहे, त्यानेंच तें फेडिलें. ज्याच्या माथ्यावर बापजाद्यांचें कर्ज आहे, त्यास हा विचार सहज उमजेल.

सर्व मंडळ्या याच एका उत्तरावर थांबल्या नाहींत. पीटर आबेलार (१०७९–११४२) यानें वधस्तंभावरील प्रीतीनें आपलें अंतःकरण पालटतें, यावर भर दिला. सोळाव्या शतकांतील सुधारकांनीं, आमची शिक्षा ख्रिस्तानें सोसिली, असें शिकविलें. ग्रीक मंडळ्या, त्यानें मरून मरणासच जिंकिलें, या विजयाचा उत्सव पुनरुत्थानाच्या सणीं आजहि करितात. अन्सेल्माच्या ग्रंथांत मात्र पुनरुत्थानाविषयीं फार थोडें आहे, ही उणीव मान्य केली पाहिजे. कारण कर्ज फिटल्याची पावती रिकाम्या कबरेंतच मिळते.

११०० सालीं नव्या राजानें त्यास परत बोलाविलें. ११०२ सालीं वेस्टमिन्स्टर येथें त्यानें भरविलेल्या धर्मसभेनें माणसांस गुरांप्रमाणें विकण्याची मनाई केली. ज्यांच्यासाठीं ख्रिस्तानें आपला प्राण दिला, त्यांस बाजारांत कोण विकील? त्यानंतर त्यास पुन्हा एकदां परदेशीं राहावें लागलें.

११०९ सालीं एप्रिलच्या २१ व्या दिवशीं, दुःखसप्ताहांतील बुधवारीं पहाटें, त्याचा अंत झाला. चारच दिवसांनीं पुनरुत्थानाचा सण होता. वधस्तंभाचा अर्थ शोधणारा हा वृद्ध सेवक त्या पहाटेची आशा धरूनच निजला. प्रिय वाचकहो, आपलेंहि आयुष्य त्याच आशेंत सरो.