विश्लेषण : विजयदुर्गावर लॉकियर आले, पण हेलियमच्या शोधानंतर

देवगड, विजयदुर्गकडची कितीतरी कुटुंबे ठाणे, कल्याण, डोंबिवलीत स्थिरावली आहेत. गणपतीला गावी गेले की पाहुण्यांना किल्ल्यातले ‘साहेबाचे कट्टे’ दाखवायची यांची हौस असते. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियम शोधला, असे सांगितले जाते. ग्रहणाचा पट्टा या भागावरून गेला हे खरे. लॉकियर मात्र त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते.

मग हेलियम सापडला कसा?

रग्बी येथे १८३६ साली जन्मलेले लॉकियर लंडनच्या युद्ध खात्यात कारकून होते. खगोलशास्त्र हा त्यांचा फावल्या वेळचा नाद. गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकले की ती पिवळी होते, ती मिठातल्या सोडियममुळे. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशरेषा ठरलेल्या असतात, हे किरचॉफ आणि बुन्सेन यांनी नुकतेच दाखवून दिले होते. फ्रान्सचे जान्सेन यांनी १८६८चे ग्रहण गुंटूरहून पाहिले आणि सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला दुसऱ्या दिवशी ग्रहणाविनाही टिपल्या. लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून स्वतंत्रपणे तेच साधले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर एकाच दिवशी आली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे मुखवटे असलेले पदक काढले.

त्या ज्वालांत एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६वर. फरक इवलासा, पण तेवढ्यावर लॉकियर यांनी नवे मूलद्रव्य मानले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले. त्यांचे सहकारी, रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांनाही ते पटले नव्हते.

शंका का होती?

अणूतील इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेला जिन्यासारख्या पायऱ्या असतात. वरून खाली उतरताना तो दोन पायऱ्यांमधील अंतराएवढा प्रकाश सोडतो. चढताना नेमका तेवढाच शोषतो. म्हणून सूर्यप्रकाशात सोडियमच्या जागी काळ्या रेषा दिसतात. हेलियमच्या जागी तशी ठळक काळी रेषा नव्हती. कारण हा पिवळा प्रकाश शोषायला इलेक्ट्रॉन आधीच वरच्या पायरीवर हवा, आणि सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावर हेलियमचे जवळपास सगळे इलेक्ट्रॉन तळाशी असतात. पण हे सारे विसाव्या शतकात कळले.

तोवर लॉकियर सत्तावीस वर्षे थांबले. १८९५ साली रॅमसे यांना युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा दिसली. हेलियम तिथे असणे हा योगायोग नव्हता. युरेनियमच्या केंद्रकातून सुटणारा अल्फा कण म्हणजे हेलियमचेच केंद्रक. तो गेल्यावर उरलेले केंद्रकही अनेकदा वरच्या पायरीवर राहते आणि उतरताना गॅमा किरण सोडते. नियम तोच, पायऱ्या मात्र प्रचंड उंच: पिवळ्या रेषेच्या प्रकाशकणाची ऊर्जा दोन इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, तर गॅमाची हजारो ते लाखो पट.

विजयदुर्गाशी संबंध काय?

आहे, आणि पक्का आहे. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर खरोखर विजयदुर्गावर आले. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरचे नौसैनिक त्यांच्या मदतीला होते. तेव्हा ते ६१ वर्षांचे, ‘नेचर’ या १८६९ साली स्वतःच काढलेल्या नियतकालिकाचे संपादक. कट्ट्यांशी त्यांचे नाव जोडायचेच, तर ते या मोहिमेमुळे. शोध लागून तीस वर्षे झाली होती, तरी त्याने किल्ल्याचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही.

या वेळी त्यांना हवे होते ते सूर्याच्या कडेचे वर्णपट. प्रखर उष्णतेत काही रेषा जोर धरतात, यावरून मूलद्रव्येच फुटून साधी होतात, असे त्यांचे मत होते आणि त्यावर टीकाही खूप झाली. १६ ऑगस्ट १९२० रोजी लॉकियर वारले. त्याच वर्षी मेघनाद साहा यांचा सूर्याच्या वर्णावरणातील आयनीभवनावरचा निबंध प्रसिद्ध झाला. मूलद्रव्य तेच राहते, उष्णतेने अणूचा इलेक्ट्रॉन निघून जातो, जिना बदलतो आणि रेषाही बदलतात.