अंगणातली तबकडी : ग्रोट रेबर

टीव्हीची जुनी डिश गच्चीवर गंजत पडलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. त्याच डिशने सूर्याच्या रेडिओलहरी टिपणारे हौशी लोक आज जगभर आहेत. त्यांचा मूळपुरुष म्हणजे ग्रोट रेबर.

रेबरचा जन्म २२ डिसेंबर १९११ रोजी अमेरिकेत शिकागो येथे झाला. जवळच्या व्हीटन गावी तो वाढला. आई शिक्षिका होती; पुढे थोर खगोलशास्त्रज्ञ झालेला एडविन हबल तिचाच विद्यार्थी. रेबरला मात्र नाद रेडिओचा. १९३३ मध्ये तो अभियांत्रिकीचा पदवीधर झाला. त्याच सुमारास बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील कार्ल जान्स्की याने आकाशगंगेकडून रेडिओलहरी येतात, असे दाखवून दिले होते. रेबरने तेथे नोकरी मागितली. पण ते मंदीचे दिवस होते, जागा मिळाली नाही. खगोलशास्त्रज्ञही या शोधाकडे फारसे वळले नाहीत.

मग रेबरने स्वतःच कंबर कसली. १९३७ च्या उन्हाळ्यात, पदरचे पैसे घालून, त्याने घराशेजारच्या मोकळ्या जागेत सुमारे ३१ फूट व्यासाची तबकडी उभारली. सांगाडा लाकडी, वर पत्रा. आई तिच्यावर कपडे वाळत घाली, असे सांगतात. तबकडी फक्त वर-खाली वळे. बाकीचे काम पृथ्वीच्या फिरण्यावर सोपवलेले. दिवसा नोकरी आणि मध्यरात्रीनंतर निरीक्षण, कारण दिवसा मोटारींच्या ठिणग्यांची खरखर यंत्रात शिरे.

पहिला प्रयत्न ३३०० मेगाहर्ट्झवर केला. काहीच ऐकू आले नाही. दुसरा ९०० वर, तोही फसला. तप्त वस्तूच्या नियमाप्रमाणे आखूड लहरी अधिक प्रबळ असायला हव्या होत्या. एखाद्याने यंत्र मोडीत काढले असते. रेबरने नियमावरच शंका घेतली आणि १६० मेगाहर्ट्झचा ग्राहक बांधला. आकाशगंगा ऐकू आली! या लहरी केवळ उष्णतेच्या नव्हेत, हे त्या दोन अपयशांनीच दाखवले. चुंबकीय क्षेत्रात वेगाने गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन त्या निर्माण करतात, हा उलगडा पुढे झाला.

१९४० मध्ये त्याचा लेख खगोलशास्त्राच्या नियतकालिकात आला, १९४४ मध्ये आकाशाचा रेडिओ-नकाशा. धनु, हंस आणि शर्मिष्ठा या तारकासमूहांतील प्रबळ स्थाने त्यात स्पष्ट दिसतात. १९५४ मध्ये तो टास्मानियात गेला आणि कोणी न हाताळलेल्या फार लांब लहरींच्या मागे लागला. २० डिसेंबर २००२ रोजी तो तेथेच वारला. त्याची तबकडी आज अमेरिकेतील ग्रीन बँक वेधशाळेत जतन केलेली आहे.

रेबरला ग्राहक स्वतः जुळवावा लागला. आज त्यातले बरेचसे काम संगणक करतो. लिनक्सवर चालणारी ‘ग्नू रेडिओ’ ही प्रणाली फुकट मिळते. छोटा ग्राहक संगणकाला जोडला आणि सूर्य डिशसमोर आला, की पडद्यावरची रेषा वर चढते. मात्र रेषा चढली नाही, तर दोष यंत्रात की आपल्या समजुतीत, हे प्रणाली सांगत नाही. ते अजूनही रेबरसारखेच शोधावे लागते.

पुणे जिल्ह्यात खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. सहलीला तिकडे गेलो, तर व्हीटनच्या त्या अंगणाची आठवण जरूर ठेवूया.