तासिका तत्त्वावरचा तत्त्वज्ञ : इमॅन्युएल कांट



गेल्या आठवड्यात माझ्या डी.एड.च्या मैत्रिणीचा फोन आला. डी.एड. झाल्यावर आमच्या वेळी भरतीच निघेना, म्हणून तिने पुढे बी.ए. केलं, तत्त्वज्ञानात एम.ए. केलं, सेटही पास झाली. आता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. जेवढे तास, तेवढे पैसे, आणि तेही कधी चार-चार महिने उशिरा. सुट्टी लागली की मानधन बंद. ती म्हणाली, "अगं, एका विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात जागा निघालीय. पण माझी चाळिशी जवळ आली. आता अर्ज करून काय उपयोग?"

तिला मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. पण फोन ठेवल्यावर एक नाव आठवलं, इमॅन्युएल कांट. डी.एड.ला असताना शैक्षणिक विचारवंतांच्या यादीत हे नाव दोन ओळींत पाठ करून आपण पुढे गेलो होतो. त्या माणसाने विद्यापीठात कायम जागेसाठी तब्बल पंधरा वर्षं वाट पाहिली, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आजचा पाठ त्यांच्यावर.

जन्म व बालपण

इमॅन्युएल कांट यांचा जन्म २२ एप्रिल १७२४ रोजी पूर्व प्रशियातील कोनिग्सबर्ग या शहरात झाला. हे शहर आज रशियात आहे आणि त्याचं नाव कॅलिनिनग्राड आहे. गणितात सात पुलांचं प्रसिद्ध कोडं आहे ना, तेच हे पुलांचं गाव.

वडील घोड्यांचे चामडी पट्टे आणि लगाम बनवणारे कारागीर होते. घरात नऊ मुलं जन्मली, त्यातली काही लहानपणीच दगावली. आई फार शिकलेली नव्हती, पण मुलाला गावाबाहेर फिरायला न्यायची, झाडंपानं दाखवायची, रात्री आकाशातले तारे दाखवायची. म्हणजे बघा, परिसर अभ्यासाचा पहिला तास आईनेच घेतला. इमॅन्युएल तेरा वर्षांचा असताना ती वारली. तिची आठवण कांट यांनी म्हातारपणापर्यंत जपली.

घरची परिस्थिती बेताची. पण त्यांच्या घरी येणाऱ्या शुल्झ नावाच्या धर्मोपदेशकांनी या मुलाची हुशारी हेरली आणि आठव्या वर्षी त्याला चांगल्या शाळेत घातलं. शाळेत लॅटिन उत्तम शिकवत, पण शिस्त फार कडक आणि प्रार्थनांचा भडिमार. ते दिवस कांट यांना पुढेही आनंदाने आठवले नाहीत.

विद्यापीठ आणि एक चांगला शिक्षक

१७४० मध्ये, सोळाव्या वर्षी, तो कोनिग्सबर्ग विद्यापीठात दाखल झाला. तिथे क्नुट्झेन नावाचे तरुण प्राध्यापक होते. त्यांनी या मुलाला न्यूटनची ओळख करून दिली आणि स्वतःच्या संग्रहातली पुस्तकं वाचायला दिली. शिकवणारे पुष्कळ असतात, पण आपलं कपाट उघडून पुस्तक हातात देणारा एखादाच भेटतो.

खर्च भागवण्यासाठी इमॅन्युएल इतर विद्यार्थ्यांना शिकवायचा. बिलियर्ड्स चांगलं खेळायचा, त्यातही थोडे पैसे जिंकायचा. १७४६ मध्ये वडील गेले आणि पदवी न घेताच शिक्षण थांबलं.

घरोघरी शिकवणी

पुढची काही वर्षं कांट खेड्यापाड्यांत श्रीमंतांच्या आणि धर्मोपदेशकांच्या घरी राहून मुलांना शिकवत होते. आपल्याइतका वाईट घरशिक्षक क्वचितच कुणी झाला असेल, असं ते पुढे स्वतःच हसून सांगत. मोठ्यांना शिकवणं सोपं, लहान मुलांच्या पातळीवर उतरून शिकवणं अवघड, हे त्यांना तिथे कळलं. पहिलीचा वर्ग घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!

पण ही वर्षं वाया गेली नाहीत. शिकवणी सांभाळून त्यांचं वाचन आणि लेखन चालूच होतं.

पंधरा वर्षं बिनपगारी

१७५५ मध्ये कांट शहरात परतले. अग्नी या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी पदवी मिळवली, आणखी एक प्रबंध सादर करून विद्यापीठात शिकवण्याचा परवाना मिळवला. त्याच वर्षी त्यांनी विश्वाच्या उत्पत्तीवर पुस्तक लिहिलं. सूर्य आणि ग्रह हे विखुरलेल्या द्रव्याच्या ढगातून तयार झाले असावेत, असा विचार त्यात होता. पण प्रकाशकाचं दिवाळं निघालं आणि पुस्तक वाचकांपर्यंत नीट पोहोचलंच नाही.

आता त्यांच्या नोकरीचं स्वरूप बघा. विद्यापीठात शिकवायची परवानगी होती, पण पगार शून्य. जे विद्यार्थी तासाला बसतील त्यांनी दिलेली फी हीच कमाई. विद्यार्थी कमी झाले तर चूल थंड. आपल्याकडच्या तासिका तत्त्वापेक्षाही कठीण म्हणायचं.

पहिलं व्याख्यान एका प्राध्यापकाच्या घरातल्या दालनात होतं. विद्यार्थी जिन्यापर्यंत दाटीवाटीने उभे होते. कांट इतके बावरले की आवाजच फुटेना. दुसऱ्या तासाला मात्र सूर सापडला. पुढे तर्कशास्त्र, तत्त्वमीमांसा, नीतिशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र असे कितीतरी विषय त्यांनी शिकवले. आठवड्याला सोळा-वीस तास, कधी त्याहून जास्त.

भूगोल हा त्यांचा खास विषय. आयुष्यात ते आपल्या प्रांताबाहेर कधी गेले नाहीत, पण वर्णन असं करत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे तिथे राहूनच आलेत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचं त्यांनी केलेलं वर्णन ऐकून एका इंग्रज माणसाने, तुम्ही लंडनला किती वर्षं होता, असं विचारल्याची गोष्ट सांगतात.

या काळात त्यांचा कोट विटून झिजला. मित्रांनी नवा घेऊन देऊ म्हटलं, त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. आजारपणात कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून वीस सोन्याची नाणी त्यांनी बाजूला ठेवली होती, तीही मोडली नाहीत. असं असूनही हर्डर नावाच्या एका गरीब, हुशार विद्यार्थ्याला त्यांनी फी माफ केली. हाच हर्डर पुढे मोठा लेखक झाला. नंतर गुरु-शिष्यांचे मतभेद झाले, तरी तरुण कांट किती सुंदर शिकवत, हे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवलं.

हुकलेल्या आणि नाकारलेल्या संधी

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कायम जागेचं काय झालं?

१७५६ मध्ये कांट यांनी आपले गुरु क्नुट्झेन यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेसाठी अर्ज केला. पण युद्धाचे दिवस आले आणि सरकारने ती जागा भरलीच नाही. १७५८ मध्ये तर्कशास्त्र आणि तत्त्वमीमांसेचे प्राध्यापक वारले. तेव्हा शहर रशियन सैन्याच्या ताब्यात होतं, म्हणून अर्ज थेट रशियाच्या सम्राज्ञीकडे पाठवावा लागला. जागा मिळाली बुक नावाच्या सहकाऱ्याला, कारण ते सेवेत ज्येष्ठ होते.

१७६४ मध्ये उलटंच घडलं. सरकारकडूनच विचारणा आली, पण काव्याच्या प्राध्यापकपदासाठी. त्या पदावरच्या माणसाला समारंभांसाठी कविता रचून द्याव्या लागत. चाळीस वर्षांचा, पगार नसलेला माणूस. कुणीही म्हणालं असतं, आधी चिकटून घे, पुढचं पुढे बघू. कांट यांनी नकार दिला. ते आपलं काम नव्हे, हे त्यांना माहीत होतं.

मात्र छोटं काम त्यांनी कमी लेखलं नाही. १७६६ मध्ये राजवाड्यातल्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपालाची जागा त्यांनी घेतली. वर्षाला ६२ थालर पगार, आणि हिवाळ्यात शेकोटीची सोय नसलेली गारठलेली खोली. वयाच्या बेचाळिशीत मिळालेला हा त्यांचा पहिला नियमित पगार!

पुढे एर्लांगेन विद्यापीठाने बोलावलं. आधी ते हो म्हणाले, मग विचार बदलला. १७७० च्या सुरुवातीला येना विद्यापीठाकडूनही विचारणा झाली, तीही सोडली. आपलं शहर, मित्र, नाजूक तब्येत आणि इथेच लवकर जागा होईल ही आशा, अशी कारणं होती.

मार्च १७७० मध्ये गणिताचे प्राध्यापक वारले. कांट यांनी लगेच राजाला पत्र लिहून सुचवलं की, आतल्या कुणाला तरी गणिताकडे न्यावं आणि मोकळी होणारी जागा आपल्याला द्यावी. तसंच झालं. बुक गणिताकडे गेले आणि वयाच्या ४६ व्या वर्षी कांट तर्कशास्त्र आणि तत्त्वमीमांसेचे प्राध्यापक झाले. बुक यांना आधी विचारलं नव्हतं असं म्हणतात. थोर माणसाच्या चरित्रातही बदलीचं राजकारण असतं, हे लपवायचं कशाला?

अकरा वर्षांची शांतता

जागा मिळाली की माणूस निवांत होतो, असं आपण बोलतो. कांट यांनी पुढची अकरा वर्षं जवळजवळ काहीच मोठं छापलं नाही. लोकांना वाटलं, हे संपले. पण ते विचार करत होते. हाले विद्यापीठाने १७७८ मध्ये बऱ्याच मोठ्या पगारावर बोलावलं, तरी गेले नाहीत.

१७८१ मध्ये त्यांचा 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा' हा ग्रंथ आला. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. ग्रंथ इतका अवघड की सुरुवातीला विद्वानांनाही तो नीट कळला नाही. मी तो माझ्या भाषेत असा समजून घेते. आपल्या हजेरीपत्रकात रकाने आधीच आखलेले असतात. मूल कसंही असो, त्याची नोंद त्या रकान्यांतच बसते. तसंच आपलं मन अवकाश, काळ, कार्य-कारण असे रकाने घेऊनच जगाकडे बघतं. म्हणून जग आपल्याला जसं दिसतं तसं आपण जाणू शकतो. रकान्यांच्या पलीकडे ते मुळात कसं आहे, हे आपल्याला कळू शकत नाही. देव आहे किंवा नाही, हे दोन्ही बुद्धीने सिद्ध करता येत नाही, असं त्यांनी त्यातून दाखवलं.

नीतीबद्दलचा त्यांचा विचार तर वर्गातही सांगता येतो. पोषण आहाराच्या रांगेत घुसणाऱ्या मुलाला विचारा, सगळ्यांनीच असं केलं तर रांग उरेल का? जो नियम सगळ्यांसाठी चालत नाही, तो माझ्या एकट्यासाठीही चालत नाही. आणि दुसऱ्या माणसाला नुसतं आपल्या कामाचं साधन समजू नये.

शिक्षक म्हणून कांट

त्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना आळीपाळीने शिक्षणशास्त्रही शिकवावं लागे. कांट यांच्या त्या टिपणांवरून त्यांच्या विद्यार्थ्याने १८०३ मध्ये पुस्तक काढलं. मुलांना नुसती सवय लावू नका, विचार करायला शिकवा, हा त्याचा गाभा. डेसाऊ इथे बाझेडो यांनी नव्या पद्धतीची शाळा काढली, तेव्हा तिला मदत करा म्हणून कांट यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिले. रूसोचं 'एमिल' त्यांना इतकं आवडलं की ते वाचताना रोजचं फिरणं चुकलं, असं सांगतात. त्यांच्या साध्या घरात भिंतीवर एकच चित्र होतं, रूसोचं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. याच कांट यांच्या भूगोलाच्या आणि मानववंशाच्या व्याख्यानांत युरोपबाहेरच्या लोकांविषयी हलकी, चुकीची मतं आहेत. स्त्रियांच्या विद्वत्तेविषयीही त्यांनी चांगलं लिहिलेलं नाही. सगळ्यांसाठी एकच नियम म्हणणाऱ्या माणसाला स्वतःचे रकाने दिसले नाहीत. मुलांना थोरांची ओळख करून देताना ही बाजूही सांगावी.

अखेर

१७९४ मध्ये धर्मावरच्या लेखनामुळे राजाने त्यांना सक्त ताकीद दिली. राजाचा प्रजाजन म्हणून या विषयावर बोलणार नाही, असं त्यांनी कळवलं. राजा १७९७ मध्ये वारला आणि शब्दातून सुटलो असं मानून ते पुन्हा लिहू लागले. १७९६ मध्ये त्यांनी शेवटचं व्याख्यान दिलं. १२ फेब्रुवारी १८०४ रोजी त्यांचं निधन झालं. जमीन थंडीने इतकी गोठली होती की दफन व्हायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला.

शेवटी थोडं

कांट यांची गोष्ट ऐकून, वाट बघा, फळ मिळेल, असं मी मैत्रिणीला सांगितलं नाही. पंधरा वर्षं फुकट राबवणं ही त्या व्यवस्थेची चूकच होती. कांट एकटे होते, संसार नव्हता, म्हणून तगले. ज्यांना तगता आलं नाही त्यांची नावं आपल्याला ठाऊकच नाहीत. पण एवढं मात्र सांगितलं, की जागा मिळेपर्यंतच्या काळात त्यांनी शिकवणं कधी हलकं केलं नाही, नको ती संधी नाकारली आणि हवी ती जागा रिकामी झाली तेव्हा अर्ज करायला एक दिवसही लाजले नाहीत.

तिने अर्ज भरला आहे. निकाल अजून लागायचाय. सोमवारी सकाळी साडेसातचा तास मात्र तिचा ठरलेला आहे.

विचार करा व सांगा

१. कांट यांच्या आईने त्यांना काय काय दाखवलं? तुम्हाला घरी कोण काय दाखवतं?
२. पगाराची गरज असूनही कांट यांनी काव्याचं प्राध्यापकपद का नाकारलं?
३. 'सगळ्यांनी असंच केलं तर?' हा प्रश्न लावून वर्गातला एखादा नियम तपासून बघा.