विश्लेषण : रेम्ब्रांने स्वतःलाच ८० वेळा का चितारले?

फ्रंट कॅमेऱ्यासमोर तोंडे वेडीवाकडी करून पाहायचा मोह कुणाला होत नाही? १६३०मध्ये नेदरलँड्सच्या लायडन शहरात एका गिरणीवाल्याचा मुलगा आरशापुढे बसून हेच करत होता. डोळे विस्फारायचा, दात विचकायचा आणि तो चेहरा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचा. रेम्ब्रांने (१६०६-१६६९) तैलचित्रे, छापचित्रे, रेखाटने मिळून स्वतःची सुमारे ८० चित्रे केली.

आत्मप्रेम की धंदा?

सुरुवात सरावाने झाली. मॉडेलला पैसे मोजावे लागत, आरसा फुकट. नाव झाल्यावर मात्र त्याने स्वतःच्या हाताने काढलेला त्याचाच चेहरा संग्राहकांना हवासा वाटू लागला. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्याकडेही असे एक चित्र पोहोचले होते. १६४०च्या चित्रात तो शंभर वर्षांपूर्वीच्या उंची पोशाखात बसला आहे. असे कपडे तेव्हा कुणी घालत नसे. फिल्टर म्हणा हवे तर!

पैसा गेल्यावर काय?

१६३९मध्ये त्याने ॲमस्टरडॅममध्ये १३ हजार गिल्डरला घर घेतले, पण त्याचे पैसे फिटेनात. १६४२मध्ये पत्नी सास्किया वारली. १६५६मध्ये दिवाळे निघाले आणि चित्रे, सामान लिलावात गेले. मुलगा टायटस याने आबनुसी चौकटीचा एक मोठा आरसा विकत घेतला खरा, पण घरी नेताना तो वाटेतच फुटला.

१६५८मध्ये घरही विकले गेले. त्याच वर्षी रेम्ब्रांने स्वतःला सोनेरी अंगरख्यात, हातात काठी घेऊन, सिंहासनावरच्या राजासारखे रंगवले. हे चित्र न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे. याला बढाई म्हणणे सोपे आहे, पण मोबाइलवर चित्र मोठे करून पाहा. थकलेले डोळे त्याने झाकलेले नाहीत.

शेवटचे चित्र कोणते?

१६६३मध्ये जोडीदार हेंड्रिक्ये गेली, १६६८मध्ये टायटस. १६६९मध्ये, वयाच्या ६३व्या वर्षी केलेले चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. गाल सुटलेले, केस पांढरे, हात एकमेकांत गुंफलेले. त्या हातांत आधी ब्रश होता आणि तो त्याने नंतर रंगाखाली झाकला, हे क्ष-किरण तपासणीत उघड झाले. हे अगदी अखेरच्या चित्रांपैकी एक. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला तो वारला. वेस्टरकेर्क चर्चमध्ये त्याला भाड्याच्या कबरीत पुरले. ती नेमकी कोणती, हे आज कुणालाच दाखवता येत नाही.