बर्फावरची वाट

पूर्वी रत्नागिरीच्या बंदरात मुंबईहून आगबोट येत असे. माणसे, टपाल, माल, सारे तिच्यातून येई. पण मृगाचा पाऊस सुरू होऊन समुद्र खवळला, की आगबोटी बंद होत. पावसाळ्याचे ते दिवस खाडीपलीकडच्या गावांना फार कठीण जात. कोणी आजारी पडले, तर त्याला डोलीत घालून चिखलातून न्यावयाचे आणि खाडीला उधाण असले तर काठावर थांबून राहावयाचे, याहून दुसरा उपाय नसे.

कोकणात जे पाणी करी, तेच दूर कॅनडा देशात बर्फ करीत असे. तेथील क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचे एक लहानसे गाव आहे. हिवाळा सुरू झाला, की गावाच्या वाटा कमरेइतक्या बर्फाखाली गडप होत. मोटारी चार-पाच महिने कोठारात उभ्या राहत आणि लोक घोडे जुंपलेल्या घसरगाड्यांतून हळूहळू ये-जा करीत. याच गावाजवळ १६ एप्रिल १९०७ रोजी आर्माँ बाँबार्दिए याचा जन्म झाला.

आठ भावंडांत आर्माँ थोरला. त्याने धर्मोपदेशक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. पण त्याचे सारे लक्ष यंत्रांकडे. जुन्या घड्याळांची चक्रे काढून तो चालती खेळणी बनवी. वडिलांच्या मोटारीलाही त्याचे हात लागू लागले, तेव्हा वडिलांनी एक युक्ती केली. त्यांनी एक वापरून जुनी झालेली फोर्ड मोटार त्याच्या स्वाधीन केली. तिची हवी तशी मोडतोड करावी, चांगल्या मोटारीला मात्र हात लावू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. आपण मुलाला केवढे धन देत आहोत, याची त्यांना त्या वेळी कल्पना नसावी.

आर्माँने त्या मोटारीचे इंजिन उतरविले, दुरुस्त केले आणि घसरगाडीच्या सांगाड्यावर बसविले. मागच्या बाजूस त्याने विमानाला असतो तसा लाकडी पंखा जोडला. ३१ डिसेंबर १९२२ रोजी पंधरा वर्षांचा आर्माँ आणि त्याचा धाकटा भाऊ लिओपोल्ड हे ती गाडी घेऊन बाहेर पडले. इंजिनाची जबाबदारी आर्माँकडे होती, तर गाडीला दिशा देण्याचे काम लिओपोल्डकडे. कानठळ्या बसविणारा आवाज करीत ती गाडी गावातून धावली. घोडे बुजले, माणसे दाराशी आली. वडील मात्र घाबरले. उघड्यावर गरगर फिरणारा तो पंखा कोणाचाही हात तोडू शकला असता. त्यांनी गाडी तत्काळ मोडून टाकावयास सांगितले आणि मुलांनी ती मोडली. वडिलांचे म्हणणे रास्तच होते.

पुढे वडिलांनी त्याला यंत्रकाम शिकण्याची परवानगी दिली. १९२६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आर्माँने वालकूरमध्ये स्वतःचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज उघडले. त्यासाठी वडिलांकडून घेतलेले कर्ज त्याने काही वर्षांतच फेडले. उन्हाळ्यात मोटारी दुरुस्त कराव्यात आणि हिवाळ्यात बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग करावेत, असा त्याचा क्रम ठरला.

अडचण अशी होती. मऊ बर्फावर मोटारीचे चाक ठेवले, की सारे वजन थोड्याशा जागेवर येऊन चाक रुतते. वजन पसरावयाचे, तर चाकांऐवजी रुंद पट्टा हवा. लोखंडी पट्टे जड होत आणि त्यांच्या सांध्यांत बर्फ गोठून बसे. आर्माँ यांनी गाड्या जुळवाव्यात, चालवून पाहाव्यात, पुन्हा खोलाव्यात, अशी वर्षे गेली.

१९३४ चा हिवाळा उजाडला. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ आंत्रपुच्छाच्या विकाराने एकाएकी आजारी पडला. शस्त्रक्रिया तातडीने होणे आवश्यक होते. पण रुग्णालय शेरब्रुक या शहरात, सुमारे ५० किलोमीटर दूर. बाहेर वाटा बर्फाने बुजलेल्या होत्या आणि नवी गाडी गॅरेजमध्ये सुटी पडलेली होती. ती जुळवून नेण्याइतका वेळ नव्हता. इव्हाँ वाचला नाही. गावातील सारे ज्यांच्याकडे यंत्रे दुरुस्त करावयास येत, त्या बापाला स्वतःच्या मुलासाठी काही करता आले नाही.

त्यानंतर ते पुन्हा कामाला लागले. १९३५ च्या सुमारास त्यांना हवी ती रचना सापडली. रबराच्या दोन पट्ट्यांना पोलादी आडव्या कांबी जोडून त्यांनी एक रुंद पट्टा तयार केला आणि तो फिरविण्यासाठी रबराने मढविलेले दातेरी चाक योजिले. रबरावर बर्फ धरून राहत नसे. पुढे चाकांच्या जागी घसरपट्ट्या आणि मागे हा पट्टा, अशी सात माणसांची बंद गाडी त्यांनी बनविली. १९३७ साली त्यांना या शोधाचे एकस्व मिळाले. पुढे बारा माणसांची गाडीही आली. डॉक्टर, टपालवाले आणि शाळेत जाणारी मुले या गाड्यांतून प्रवास करू लागली. रुग्णांना आता रुग्णालयात नेता येऊ लागले.

१९४८ च्या सुमारास क्वेबेकच्या सरकारने हिवाळ्यातही रस्ते साफ ठेवण्याचे ठरविले. लोकांची सोय झाली. बाँबार्दिए यांच्या गाड्यांची विक्री मात्र एकदम घटली. त्यांनी मग दलदलीत आणि जंगलात काम करणारी पट्ट्यांची वाहने काढून धंदा सावरला. एकदोन माणसांची हलकी बर्फगाडी करण्याचे स्वप्न मात्र त्यांच्या मनात जुनेच होते. त्यासाठी लागणारी लहान, हलकी इंजिने मिळू लागली आणि त्यांचा मुलगा जेर्मेन याने अखंड रबरी पट्टा सिद्ध केला, तेव्हा १९५९ साली ‘स्की-डू’ ही गाडी बाजारात आली. तिचे नाव ‘स्की-डॉग’ ठेवावयाचे होते, पण छपाईत चूक झाली, असे सांगतात. उत्तरेकडील बर्फाळ मुलुखात कुत्र्यांच्या गाड्यांतून फिरणाऱ्या धर्मोपदेशकांना आणि शिकाऱ्यांना ती उपयोगी पडावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. लोक तिच्यावर बसून नुसती मौज करतील, हे त्यांना फारसे रुचत नसे. लोकांनी मात्र तेच केले!

१८ फेब्रुवारी १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आज क्वेबेकमध्ये बर्फगाड्यांसाठी राखलेल्या वाटांची लांबी ३० हजार किलोमीटरांहून अधिक आहे. नवी गाडी महाग असल्याने कित्येक लोक वापरलेली विकत घेतात. पट्ट्याला चीर आहे काय, घसरपट्ट्या झिजल्या आहेत काय, इंजिन थंडीत पहिल्या झटक्यात सुरू होते काय, हे पाहून पहिला बर्फ पडण्यापूर्वी घरच्या कोठारातच ती सज्ज केली जाते. वालकूरच्या संग्रहालयात बाँबार्दिए यांचे १९२६ सालचे गॅरेजही जपून ठेवलेले आहे.